तिसरी रांग, पाचवी

...आणि वर मलाच विचारतात, एवढी चिडतेस कशाला! चिडू नको तर काय करू, तुम्हीच सांगा. अकरा महिने, बरं का, अकरा महिने पहाटे शिटी वाजली की उठून पळायचं, टाचांची सालटी निघेपर्यंत पाय आपटायचे, जेवताना पाठ वाकली तर ताट उचलून उभ्यानं जेवायचं, आणि एवढं करून पोलिसातलं ट्रेनिंग संपल्याच्या परेडला माझ्या सख्ख्या बापानं टाळ्या कुणासाठी वाजवल्या? खांबासाठी!

खांब म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी. उंची माझ्याएवढीच, पण हसणं नाही, बोलणं नाही, झोपेतसुद्धा सावधान. म्हणून खांब.

आता बाबांचं ऐका. बाबा शिंपी. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेपला हात न लावता छातीचं माप सांगतात. या माणसाला मी पोलिसात जाते म्हटलं, तेव्हापासून तुम्हाला सांगते, दोन वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत. मी समोर बसलेली असताना आईला म्हणणार, तिला विचार, चोरांच्या मागे धावायला जन्म दिला का तुला. आणि परेडचे दोन पास घरी पाठवले तर आईचा फोन... बाबा येतायत! म्हटलं, एकदा, फक्त एकदा या माणसानं मला चालताना बघावं, मग बोलेल, बोलेलच. आईला दहादा बजावलं, मंडपाच्या बाजूनं मोजायचं, तिसरी रांग, पाचवी. बाबांनी म्हणे शिवणाच्या खडूनं तळहातावर लिहून घेतलं. तिसरी रांग, पाचवी.

आणि परेडच्या सकाळी आमच्या रांगेतल्या दुसऱ्या नंबरच्या पोरीला ताप भरला! आमच्या ड्रिलच्या मास्तरांना ताप चालतो, चक्कर चालते, पण रांगेत भोक चालत नाही. "भरा! सरका एकेक जागा आत!" सरकलो. मी झाले चौथी, आणि पाचवीच्या जागेवर कोण? खांब. बरं, घरी कळवावं तर फोन आदल्या दिवसापासून कपाटात कुलूपबंद. मास्तरांना म्हटलं, सर, घरच्यांना मी पाचवी सांगितलंय. तर म्हणतात, "मग घरच्यांना आणून उभं कर पाचवीत."

तुम्ही म्हणाल, बाप आहे, चेहरा ओळखेल की. कुठला चेहरा? दोनशे चाळीस जणी, टोपी भुवयांपर्यंत, पट्टा हनुवटीखाली, सगळ्यांचे केस कापलेले, सगळ्या उन्हानं एकाच रंगाच्या झालेल्या! तरी मी चालले हो, जिवाच्या आकांतानं चालले. मंडपासमोर मान वळवायची असते, वळवली, आणि दिसले बाबा. उभे राहिलेले, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं डोळे पुसतायत. माझे बाबा रडत होते... माझ्या शेजारणीकडे बघून! शेजारी आई सांगत होती म्हणे, अहो, ही आपली वाटत नाही. तर हे म्हणतात, गप गं, मोजलंय मी. तिसरी रांग, पाचवी.

पण खरा संताप पुढेच. परेड सुटली आणि बाबा धावत मैदानात आले. चष्मा हातात, डोळे डबडबलेले, मला धक्का लागला तर "सॉरी हं बाळ" म्हणाले... मला! आणि मागून जाऊन खांबाच्या टोपीवर हात ठेवून म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. मी उगाच अडवत होतो तुला."

दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. आणि खांब काय म्हणाली माहितेय? "यस सर."

मी तिथल्या तिथे भडकले. म्हटलं, बाबा, दुनियेची मापं नजरेनं घेता, आणि स्वतःची मुलगी ओळखता येत नाही? बाबांनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं, तळहाताकडे बघितलं. म्हणाले, "मी मोजलं होतं. आणि ती सगळ्यांत ताठ चालत होती. म्हटलं, आपलीच असणार."

आता यावर भांडायचं कसं, सांगा ना! तळपायाची आग मस्तकात आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदम. तरी मी चिकाटीनं म्हटलं, मग ते चुकलं म्हणालात ते मला म्हणा, तिला कशाला? तर आईकडे वळून म्हणतात, "तिला सांग, एकदा म्हटलंय मी."

आता नोकरीला लागून तीन आठवडे झाले. स्टेशनच्या दारातल्या टेबलावर बसून लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या लिहून घेते. आणि बाबांनी त्या दिवशीचा फोटो मोठा करून दुकानात लावलाय. बरोब्बर मधोमध खांब! कडेला एक कोपर आलंय, तेवढी मी. काढा म्हटलं, तर म्हणतात आता खिळा ठोकलाय. गिऱ्हाइकं येतात, फोटो बघतात, म्हणतात, मुलगी अगदी तुमच्यावर गेलीय हो! आणि हे मान डोलावतात!

परवा ड्यूटीवरून तशीच वर्दीत दुकानात शिरले. ब्लाउज न्यायला आलेल्या एक काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, तू यांच्या मुलीबरोबर होतीस का ट्रेनिंगला?" मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घालून मशीन जोरात चालवलं. काय करता? म्हटलं, हो काकू, शेजारीच होते.