पहिल्या पंगतीला ब्यांड

माजं म्हायेर गुंजवण्याकडची वाडी, राजगडाच्या पायथ्याला. आता ती न्हाई, धरणात गेली, माणसं चार गावांला पांगली. म्या त्याच्या आदीच लगीन हून हितं कामथडीला आले. आमच्या वाडीचा ब्यांड व्हता, सात जणांचा, आन काय सांगू तुमाला, त्या ब्यांडानं आमाला येड लावलं व्हतं. क्लारनेट नाना वाजवायचे. त्यांनी सूर धरला की आमी पोरी भाताची लावणी सोडून बांधावर उभ्या, आई खालनं शिव्या देतीया आन आमी आपल्या ऐकतोय. चिखलाचे हात तसेच.

औंदा नातीचं लगीन ठरलं, सोनालीचं. माजा पोरगा प्रकाश म्हनला, डीजे सांगितलाय. म्या म्हनलं डीजे नगं, माज्या नातीच्या लग्नात नाना वाजवतील. तो हसला, म्हनला आई, हायती का ती माणसं? म्या म्हनलं बघून येते.

नाना भोरात लेकीकडं ऱ्हात्यात असं कळलं, म्हनून एसटीनं गेले. दारात बसले व्हते. ओळखलं का नाना? म्हनले, वरल्या आळीची शांता न्हवं का तू? मग चा झाला, आन म्या इषय काढला. तर म्हनले आता दम न्हाई. म्या म्हनलं दमंल तेवढं वाजवा. तशी म्हाताऱ्यानं हातातली कपबशी खाली ठिवली. मग म्हनले, दमाचं न्हाई गं शांता. तुज्या लग्नात आमी दिसभर वाजवलं, आन जेवायला कुठं बसवलं ठावं हाय का? गोठ्याच्या मागं, समद्यांचं झाल्यावर, लांबनं वाढलं. तवापास्नं तुमच्या आळीवाल्यांच्या लग्नात वाजवायचं न्हाई असं ठरवलं.

खोटं कशाला बोलू, मला ठावं व्हतं. म्या नवरी, खिडकीतनं बघितलं व्हतं आन गप बसले व्हते. तेबी त्यांला सांगितलं. आन म्हनलं, नाना, पहिल्या पंगतीला तुमी बसायचं, मधोमध, आन म्या वाढनार. न्हाई बसवलं तर वाजवू नका. म्हनले, आदी घरी इचारून ये. म्या म्हनलं, इचारायचं न्हाई, सांगायचं हाय.

सांगितलं तर घरात ही आग. आता समदीकडं बुफे असतोय, म्या म्हनलं पंगतच पायजे. दीर म्हनले, वैनी, भावकी उठून जाईल. म्या म्हनलं जाऊ द्या, तेवढंच वाढायचं कमी. प्रकाश दोन दिस माज्याशी बोलला न्हाई. शेवटाला सोनालीनंच बापाला सांगितलं, आजी म्हनती तसं न्हाई झालं तर मी हळद लावून घेनार न्हाई. व्हय, पोरगी माज्यावर गेलीया.

सातातले तिघं उरलेत. नाना, ढोलवाला दगडू आन खुळखुळ्यावाला एक. ब्यांडाचे जुने कोट आता अंगात जात न्हाईत, पांढरे सदरे घालून आले. लगीन लागलं आन नानांनी सूर धरला. तोच व्हता बगा. मधी दम तुटला, नाना थांबले, तर दगडूनं ढोल सोडला न्हाई, हळू हळू वाजवत ऱ्हायला, नानांनी छातीवर हात ठिवून दम घेतला आन जिथं सोडलं व्हतं तिथनंच उचललं. म्या पदर खोचून नाचले, समद्या भावकीम्होरं, गुडघे दुखत्यात तरी.

मग पंगत बसली. नाना मधोमध, आन व्याही आपसूक त्यांच्या शेजारी येऊन बसले, म्हनले काय वाजवलंत हो. आता व्याही बसल्यावर दिरांला बसावंच लागलं, टोकाला. दोघं-चौघं गेले उठून, गेले तर गेले. म्या वाढलं. नानांच्या तोंडात दात न्हाई, जिलबी मठ्ठ्यात बुडवून बुडवून खात्यात, पुन्यांदा मागत्यात, आन पंगतीचा रिवाज असा की शेवटचा उठल्याबिगर कुनी उठायचं न्हाई. समद्यांचे हात वाळले. दीर बघत्यात माज्याकडं. म्या नानांला म्हनलं, सावकाश होऊ द्या.

दीर अजून घरी येत न्हाईत. न्हाई तर न्हाई. पोरगी सुखात हाय सासरी. देव नानांला दम देवो, बास, आनखी काय मागू.