दिव्यांनी खाल्लेलं पीठ

लोलो: एवढंच म्हण आत्या, मला आठवत नाही. बाकी मी बघतो.

लाला: न आठवायला काय झालं? आठवतंय मला सगळं.

लोलो: मेजर साहेब येतायत. निवृत्त असले तरी मेजरच. आज दुपारी त्यांच्या हस्ते दिव्यांच्या माळावर फलक लागणार. ‘याच माळावर युद्धकाळात वैमानिकांनी गूढ दिव्यांवर पिठाची पोती टाकली, आणि सकाळी पिठाचा कणही सापडला नाही.’ दगडात कोरलंय, आत्या.

लाला: बरोबर कोरलंय. कण कुठून सापडणार? तुझ्या आजीने सगळं झाडून नेलं होतं.

लोलो: हळू बोल.

लाला: माझ्याच स्वयंपाकघरात मी हळू बोलू? आणि तू नीट आत तरी ये. दारात अडकलायस. अंगात काय घातलंयस हे?

लोलो: पिठाचं पोतं आहे मी. मिरवणुकीतलं. फादर बेनिग्नो दिवा झालेत. चौकात ते मला गिळतात. लोकांना फार आवडतं.

लाला: आई असती तर लाटण्याने बडवलं असतं तुला. आणि फादरना पण.

लोलो: तुला हसू येतंय, पण मी महोत्सवाचा अध्यक्ष आहे. दिव्यांनी पीठ खाल्लं, हीच तर आपली गोष्ट. ती ऐकायला लोक डॅलसहून येतात. त्यांना काय सांगू, पीठ माझ्या आजीने खाल्लं?

लाला: एकटीने नाही. आम्ही सगळ्या पोरांनी. तुझा बाप सगळ्यात जास्त.

लोलो: दिव्यांची अब्रू जाईल.

लाला: दिव्यांना काय होतंय? दिवे खरेच आहेत, मी अजून बघते ना. मेक्सिकोतल्या क्रांतीच्या वेळी इकडच्या घोडदळाला वाटलं, सीमेपलीकडचे बंडवाले डोंगरातून खुणा करतायत. माझ्या आजोबांनी पाहिलंय, रात्रभर घोडे दामटले त्यांनी, आणि उजाडताना आपल्याच छावणीत मागच्या बाजूने शिरले. ते दिवे खरे. पण युद्धाच्या त्या उन्हाळ्यातला तो एक दिवा आमचा कंदील होता. पोरांच्या पोटासाठी आईने लावलेला. आणि गाव तिला काय म्हणायचं माहितीये? चेटकीण. रात्री माळावर कंदील घेऊन फिरते म्हणून. शेवटपर्यंत चर्चमध्ये तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. ते मला लागतं, लोलो. आज कोणी विचारलं तर मी सांगणार.

लोलो: पुढच्या वर्षी सांग. फलक जरा जुना होऊ दे.

मेजर: क्षमा करा, आत येऊ का? दारात एक पोतं उभं आहे.

लोलो: मीच तो, साहेब. अध्यक्ष. थोडं तिरकं होऊन या. ही माझी आत्या, एउलालिया, सगळ्यांची लाला. हिला काहीही आठवत नाही.

लाला: बसा मेजर. आत्ताच लाटून भाजलेल्या गरम तोर्तिया आहेत, घेवडा आहे. लोलोचं मनावर घेऊ नका, पोतं डोक्यापर्यंत आलंय त्याच्या.

मेजर: आभारी आहे, बाई. मी फार वेळ घेणार नाही. त्या काळी माळावर राहणाऱ्यांपैकी आता तुम्हीच उरलात, असं मला कळलं. प्रश्न फलकाचा नाही. माझ्या घरचा आहे.

लोलो: घरचा?

मेजर: ती पोती माझ्या वडिलांनी टाकली होती. तेव्हा ते शिकाऊ वैमानिक होते. हुकूम असा होता की दिव्यावर पोतं टाकायचं, म्हणजे सकाळी पांढऱ्या डागावरून जागा सापडेल. डाग कधीच सापडला नाही. तळावर सगळे म्हणायचे, याचं पोतं मेक्सिकोत पडलं असेल. ‘पीठवाला’ हे टोपणनाव आयुष्यभर चिकटलं. घरी त्यांनी कागदाचा बोळा टोपलीत टाकायला हात उचलला, की आई म्हणायची, जवळ जाऊन टाका.

लाला: अरे देवा.

मेजर: मी सैन्यात दाखल झालो, तर पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी विचारलं, पीठवाल्याचा मुलगा का तू? मी हसलो. पण मला फार लाज वाटली, बाई. वडिलांची लाज वाटली, आणि ती आजही खुपते. त्यांना विचारलं की एकच उत्तर देतात. नेम चुकला, विषय संपला. मला फक्त जाणून घ्यायचंय, माझा बाप इतका कसा चुकू शकतो?

लोलो: आत्याला खरंच आठवत नाही हो.

लाला: लोलो, गप्प बस. मेजर, तुमच्या वडिलांचा नेम पक्का होता. पोतं कंदिलाच्या हातभर इकडे नाहीतर हातभर तिकडे.

मेजर: कुठल्या कंदिलाच्या?

लाला: आमच्या. माझे वडील तिकडे समुद्रापार लढत होते, आणि रेशनचं पीठ पुरत नव्हतं. आई एका रात्री अडलेली शेळी शोधायला कंदील घेऊन गेली. वरून विमान आलं आणि पोतं धपकन शेजारी पडलं. शेळी पांढरीफेक झाली आणि जागच्या जागी व्याली. आईने हिशेब लावला, जिथे कंदील तिथे पीठ. दुसऱ्या दिवशी गाडीवरची ताडपत्री अंथरली आणि तिच्या मधोमध कंदील ठेवला.

मेजर: सकाळी जीपमधून माणसं शोधायला येत असत. सगळा माळ तुडवत.

लाला: त्याआधी आई पीठ भरून न्यायची आणि जमिनीवर फांद्यांनी झाडून घ्यायची. वरून शेळ्या फिरवायची. एकदा एक शिपाई पाणी प्यायला घरी आला. आईने त्याला गरम तोर्तिया दिली. तो खात खात विचारतो, बाई, इकडे कुठे पीठ पडलेलं दिसलं का?

लोलो: आजी काय म्हणाली?

लाला: अजून एक वाढू का, म्हणाली. पीठ संपलं की रिकाम्या पोत्याचे आम्हाला झगे. माझ्या पाठीमागे बरोबर बसायच्या जागी ‘सैन्याची मालमत्ता’ छापलेलं होतं. प्रार्थनेला मी भिंतीला टेकूनच उभी राहायचे.

मेजर: म्हणजे बाबांचा नेम लागत होता.

लाला: रोज. दाताखाली वाळू यायची, पण पोट भरायचं. नंतर तर पोत्याबरोबर चरबीचा डबाही पडायचा, चिंध्यांत नीट गुंडाळलेला. त्या तोर्तिया काय झाल्या होत्या म्हणून सांगू.

मेजर: चरबी? जागा शोधायला चरबी कोण टाकेल?

लाला: सैन्याला प्रश्न विचारू नयेत, असं आई म्हणायची.

मेजर: बाई, तुमचा फोन वापरू का?

(मेजर भिंतीवरचा फोन लावतो. लोलो पोत्यातून कसाबसा एक हात बाहेर काढून तोर्तिया उचलतो.)

मेजर: बाबा? हो, पोहोचलो. नाही, फलक अजून लागायचाय. मी माळावरच्या एका बाईंकडे बसलोय. बाबा, पिठाबरोबर चरबी कशाला टाकायचात?

लोलो: काय म्हणतायत?

मेजर: थांब म्हणाले. दार लावून येतो म्हणतात.

लाला: थांबा जरा. म्हातारी माणसं आहोत आम्ही.

मेजर: हो बाबा, ऐकतोय. ते विचारतात, त्या कंदीलवाल्या बाईंना आता कोणी त्रास तर देणार नाही ना?

लाला: म्हणावं, ती गेली. झोपेत गेली, सुखाने. तिला आता कोण त्रास देणार.

मेजर: त्यांना ठाऊक होतं, बाई. दुसऱ्याच फेरीला ताडपत्री दिसली, म्हणतात. मग परत जाऊन सांगायचे, नेम चुकला. चुकला म्हटलं की सगळे हसायचे, आणि उद्या पुन्हा प्रयत्न कर म्हणून आणखी एक पोतं मिळायचं.

लोलो: आत्या, आता मी फादरना कसं सांगू?

लाला: काय सांगायचं त्यात? म्हणावं, गिळणारी माझी आजी कॉन्स्तान्सिया होती. तुम्ही दिवा सोडा आणि तिचा झगा घाला.

मेजर: बाई, ते विचारतात, कंदील हलवणारं एक पोर असायचं, ते कोण?

लाला: मी. आईची बोलणी खायचे त्यासाठी, पण मला राहवायचं नाही. सांगा त्यांना, मीच ती. आणि विचारा, एवढं सगळं टाकलंत, मग मीठ का नाही टाकलं कधी? आळणी खाल्लं आम्ही उन्हाळाभर.

मेजर: विचारतो. बाबा, त्या म्हणतायत, मीठ का नाही टाकलं?

लाला: काय म्हणतात?

मेजर: म्हणतात, एकदा टाकलं होतं. तेवढाच नेम चुकला.