होबर्टचा खिळा

वर्लिन : हे हरण माझं नाही, क्लीट.

क्लीट : काहीतरीच काय, दाजी. काल संध्याकाळी तुम्ही मारलं, मी ओढून आणलं, आत्ता तुम्हीच सोलताय. आणखी कुणाचं असणार?

वर्लिन : ते दार पुरतं उघड. उजेड येऊ दे. हं, आता ये इकडं. फासळ्यांमधलं हे भोक बघ. काय दिसतं?

क्लीट : भोक दिसतं.

वर्लिन : तीन चिरा आहेत, मधे एकत्र आलेल्या. चिखलात कोंबडीचा पाय उमटतो तशा. माझ्या बाणाला दोन पाती असतात. त्याची एकच सरळ चीर पडते. या दरीत तीन पात्यांचे बाण कोण वापरतं?

क्लीट : वापरतात बरेच जण.

वर्लिन : तू वापरतोस.

क्लीट : हाडावर आपटून पातं वाकलं असेल. हाडाला लागलं की काहीही होतं.

वर्लिन : दोनाची तीन होतात?

क्लीट : तुमची चाळिशी कुठाय? घरात विसरलात वाटतं.

वर्लिन : चाळिशी राहू दे. बोटानं चाचपूनही कळतं मला. काल तू गाडीवरून हे उतरवलंस तेव्हा पाय धरायला मीच आलो होतो. पाय काठीसारखे ताठ होते. बाण लागून कितीसा वेळ झाला होता?

क्लीट : थंडी होती काल.

वर्लिन : एवढी थंडी होती तर तुझी जीभ कशी नाही ताठ झाली? तासभर बडबडत होतास. अंधारात ओढा कसा ओलांडला, काट्यांत कसा अडकलास. मी एकदाही विचारलं नव्हतं.

क्लीट : तुमचा गुडघा धड असता तर तुम्हीच उतरला असता खाली. मी गेलो, आणलं. वर हे ऐकून घ्यायचं.

वर्लिन : आतडी कुठं काढलीस याची?

क्लीट : तिथंच. ओढ्याकाठी.

वर्लिन : ये, दारात उभा राहा. बघ ओढ्याकडं. एक तरी कावळा दिसतो?

क्लीट : येतील की. आत्ताच तर ऊन आलंय.

वर्लिन : आतडी पडली की कावळे उन्हाची वाट बघत बसत नाहीत. आता तुझ्या टेकडीकडं बघ. त्या ओकच्या वर. काय कालवा चाललाय. तिथं कुणाची आतडी पडलीत, क्लीट? आणि बूट का ओले आहेत तुझे? माझ्याकडं यायला डांबरी रस्ता आहे. गवतातून कुठं जाऊन आलास सकाळी सकाळी?

क्लीट : दाजी, पोलिसात भरती का नाही झालात तुम्ही?

वर्लिन : मग ऐक, मला काय वाटतं ते. काल मी बाण सोडला ते जनावर मोठं होतं. छाती चांगली रुंद, शिंगं कानांच्या बाहेर गेलेली. ते धावत वर गेलं आणि तुझ्या हद्दीत पडलं. तू बघितलंस आणि तोंडाला पाणी सुटलं. ते आता तुझ्या शेडमध्ये लटकतंय. आणि म्हाताऱ्याला काय दिसतंय, म्हणून हे बारकं माझ्या गळ्यात मारलंस.

क्लीट : बाण सोडताना बैल असतो, जवळ जाऊन बघावं तर शेळी. सगळ्यांचं असंच होतं, दाजी.

वर्लिन : हसू नकोस. मी तुला पोरासारखं या शेडमध्ये शिकवलंय. माझं हरण चोरलंस तर सांग. शिव्या देईन आणि सोडून देईन. पण मला वेड्यात काढू नकोस.

क्लीट : चोर म्हणताय मला?

वर्लिन : मग दुसरं काय म्हणू, तूच सांग.

(अर्डिथ कॉफीचे कप घेऊन शेडच्या दारात येते. वर्लिन तिचा नवरा, क्लीट तिचा धाकटा भाऊ.)

अर्डिथ : घरापर्यंत आवाज येतोय. कॉफी घ्या. आणि क्लीट, तू घरी जा. तुझी डोरीन वाट बघत असेल.

क्लीट : जातो, ताई.

वर्लिन : कुणी कुठं जायचं नाही. अर्डिथ, काल रात्री तू कलेजी का नाही मागितलीस?

अर्डिथ : काय?

वर्लिन : लग्न झाल्यापासून, हरण आणलं की मी हात धुऊन येईपर्यंत तुझा कांदा चिरून तयार असतो. त्याच रात्री कलेजी. शिळी तू तोंडात घालत नाहीस. काल अंडी केलीस.

अर्डिथ : अंडी पडली होती घरात. संपवायला नकोत?

वर्लिन : म्हणजे तुलाही माहीत होतं की हे ताजं नाही.

अर्डिथ : वर्लिन, कॉफी निवतेय.

वर्लिन : निवू दे. बायको आणि मेहुणा, दोघं मिळून माझ्याच शेडमध्ये मला फसवताय. सगळ्या ओहायोत एवढा मूर्ख म्हातारा सापडला नसेल तुम्हाला.

अर्डिथ : क्लीटला काही बोलू नकोस. मी सांगितलं त्याला.

क्लीट : ताई, राहू दे.

अर्डिथ : नाही राहू देत. ओढ्यातून त्यानं मला फोन केला. म्हणाला, बाण सापडला, हरण नाही. मी म्हटलं, तू सकाळी मारलेलं घेऊन ये, ह्याला कळणार नाही.

वर्लिन : आणि का? असा काय मोठा प्रसंग होता?

अर्डिथ : वर बघ. त्या खिळ्याकडं बघ आणि मग मला विचार. तुझाच नियम. जखमी जनावर ज्याच्या हातून हरवलं, त्यानं धनुष्य खिळ्याला लावायचं, पुन्हा काढायचं नाही. माझ्या बाबांना तू लावायला लावलंस. त्यांनी लावलं. घरी आले, खुर्ची खिडकीकडं फिरवली आणि त्या खुर्चीतच बसून राहिले. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, भूक नाही. पुढचा वसंत बघितला नाही त्यांनी. दुसरी खुर्ची फिरलेली मला बघायची नव्हती. मी घाबरले, वर्लिन. बस, एवढंच.

क्लीट : बाबांचं झालं तेव्हा मला तुमचा फार राग आला होता, दाजी. आता मी तुमच्यावर तोच नियम लावायचा म्हटलं तर लावता आला असता. पण जमलं नाही.

वर्लिन : बाण कुठाय?

क्लीट : माझ्या गाडीत.

वर्लिन : त्याला काय लागलंय? खरं सांग आता. एवढं खोटं बोललास, एक खरं बोललास तर दात पडणार नाहीत.

क्लीट : हिरवट लागलंय. वास येतोय.

वर्लिन : पोटात.

क्लीट : पोटात. रक्त फार नव्हतं. थोडे पांढरे केस, आणि ओढ्यापाशी सगळंच संपलं.

वर्लिन : देवा. मी नेम खांद्यामागं धरला होता. साधं धनुष्य ओढवेना म्हणून हा क्रॉसबो घेतला. दुर्बिणीतून बघायचं, बोट दाबायचं. ह्यात कुणी चुकत नाही म्हणाला होता दुकानदार. आणि ते जनावर रात्रभर तिथं पोट धरून पडलंय, आणि मी इथं अंडी खाल्ली.

क्लीट : पोटात लागलेल्याच्या मागं लगेच जायचं नाही, रात्रभर सोडायचं, नाहीतर ते उठून मैलभर पळतं. तुम्हीच शिकवलंय. मी काही ते टाकून दिलं नव्हतं. उजाडल्या उजाडल्या गेलो होतो.

वर्लिन : म्हणून बूट ओले.

क्लीट : म्हणून. अख्खी टेकडी पालथी घातली. वाटलं, मला सापडलं की तुम्हाला काही कळायलाच नको.

वर्लिन : टेकडीवर कशाला गेलास, गाढवा? पोटात लागलेलं जनावर चढ चढत नाही. त्याला तहान लागते. ते पाण्याच्या कडेकडेनं खाली जातं आणि दाट झुडूप बघून बसतं. ओढ्याला जिथं ती पडलेली सिकॅमोरची झाडं आहेत, तिथं गेलास?

क्लीट : नाही.

वर्लिन : मग आपण बोलत काय बसलोय? हे हरण तुझं, घरी गेल्यावर तूच सोल. तुझा क्रॉसबो आहे ना गाडीत? घे. जिवंत असलं तर बाण तू सोडायचास. माझी काठी दे, अर्डिथ.

अर्डिथ : त्या गुडघ्यानं उतरणार आहेस तू ओढ्यात?

वर्लिन : बसून बसून उतरेन. हसायचं असेल तर हसा.

अर्डिथ : सापडलं तर मग नियम लागू होत नाही ना? हरवलंच नाही, असं होईल ना?

वर्लिन : सापडलं तरी पोटातच लागलंय ते, अर्डिथ. दोन वर्षांपूर्वी असं झालं नसतं. मला कालच दिसत नव्हतं नीट. कडा हलत होत्या. मी सोडायलाच नको होता बाण. हावरटपणा केला.

अर्डिथ : अरे, पण...

वर्लिन : आणि खुर्चीचं म्हणशील तर खुर्ची मी फिरवणार नाही. क्लीटला टेकडी आणि ओढा कळत नाही अजून, त्याच्या मागं कुणीतरी हिंडायला हवंच. तू कांदा चिरून ठेव. क्लीट, तो माझा क्रॉसबो उचल आणि वर टांग.

क्लीट : आत्ता? परत आल्यावर बघू की.

वर्लिन : आत्ता. परत आल्यावर माझं मन फिरेल.

क्लीट : कुठं टांगू? एकच खिळा आहे. त्यावर बाबांचं धनुष्य आहे, दाजी.

वर्लिन : माहीत आहे. होबर्टसाठी मीच ठोकलाय तो. दोघांचं वजन पेलेल.