वरच्या वाडीला खरा ताप

तुम्हाला वरच्या वाडीबरोबरची आमची क्रिकेटची फायनल सांगितली नाही ना? मॅच रविवारी, आणि त्याआधीच्या सोमवारी आमची आख्खी टीम तापाने आडवी. मी कॅप्टन, म्हणून त्यांच्या कॅप्टनला, मंग्याला, फोन केला. "मॅच पुढे ढकलूया."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार रे? शिमग्यात सरपंच वारले म्हणालास. आम्ही हार घेऊन गेलो, तर दार त्यांनीच उघडलं."

"मग येऊन बघ. पण मास्क लावून ये."

"बघा, म्हणजे नाटकच!"

संध्याकाळी त्यांची सगळी टीम आली. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून शहाळी घेऊन. वारा लागू नये म्हणून आईने खिडक्या लावलेल्या. सगळे माझ्या खाटेभोवती बसले. मी खोकलो.

मंग्या तोंडाजवळ कान आणून म्हणाला, "खोटा वाटतोय. परत खोक."

मी परत खोकलो.

"मॅच रविवारीच," म्हणाला, आणि सगळे चहा पिऊन गेले.

रविवारी आम्ही धडपडत मैदानात पोचलो, तर वरच्या वाडीचं कोणीच उठू शकलं नव्हतं. पंचांनी कप आम्हाला दिला.

माझा ताप खरा होता, हे मंग्या आता मान्य करतो. फक्त तो मी फायनलसाठी मुद्दाम आणला होता, असं सगळ्यांना सांगत फिरतो.