कुरडयांचा पहारेकरी

समिधा : बाबा, ती दुर्बीण खाली ठेवा. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी वॉचमनकडे कंप्लेंट केलीय.

गुणवंत : तुझ्याच हरवलेल्या गाडीचा तपास करतोय. काल एका पांढऱ्या गाडीचा टॅक्सीनं पार हमरियापर्यंत पाठलाग केला.

समिधा : ती लेबर कॅम्पची बस होती!

गुणवंत : पांढरी होती.

सत्यभामा : समे, दोन घास खाऊन जा.

समिधा : आई, भूकच मेलीय. आमच्या कंपनीतून भाड्यानं नेलेली ती एक गाडी शोधायला जबल अलीपासून मुहैस्नाहपर्यंत अकरा दिवस चपला झिजवल्या. आज चारपर्यंत ती ऑफिसात नेली तर मी परमनंट. नाहीतर व्हिसा खलास, अन् आपण तिघं बॅगा भरून डोंबिवलीला. भीती वाटतेय गं मला.

सत्यभामा : होईल सगळं नीट. जाताना फक्त कुरडयांपाशी दोन मिनिटं थांब. दत्ताराम आत जेवतायत, कबुतरं हाकायला खाली कोणी नाही.

समिधा : कोण दत्ताराम?

सत्यभामा : पार्किंगमध्ये एक गाडी धूळ खात उभी आहे ना, तिच्या बॉनेटवर मी वाळवण घालते. असं तापतं म्हणून सांगू! ते त्याच गाडीत झोपतात बिचारे. म्हटलं, राखण करा आणि दोन्ही वेळा जेवायला वर या.

समिधा : गाडीचा रंग?

सत्यभामा : माझं जुनं पातळ अंथरलंय, पार नंबराखाली खोचून. बाकी सगळी धूळच धूळ; खालून पांढरी असावी.

गुणवंत : अगं, तिलाच टेकून मी रोज पाळत ठेवतो!

समिधा : आई, माझ्या कागदावरच्या चोराचं नावही दत्तारामच आहे.

सत्यभामा : चोर नाहीत ते. नोकरी गेली, त्यातच गाडी खांबाला घासली, म्हणून परत करायला घाबरले. वर कुणी कजाग बाई मागावर आहे म्हणे, कॅम्पाकॅम्पात दम देत फिरते. मी शब्द दिलाय, माझी समिधा असल्या बायांना पुरून उरेल.

समिधा : ती बाई मी आहे!

सत्यभामा : हळू बोल. ऐकलं तर ताटावरून उठतील.

गुणवंत : दाराला कडी घालू?

समिधा : नको, बाबा. स्वतःहून आणून दिली तर कंपनी पोलिसांत जात नाही. ते चालवतील, मी शेजारी बसेन. यल्ला, चला, दोन वाजून गेले. आई, कुरडया काढ.

सत्यभामा : अजून एक ऊन हवं होतं. मागच्या सीटवर पसरते. एसी लावू नका हं, सादळतील.

समिधा : या उन्हात? आई, आम्ही वाळू!

सत्यभामा : बरं, थोडा लावा. आणि ऐक, ती बाई तूच, हे त्यांचं ताक पिऊन झाल्यावर सांग. आज पहिल्यांदाच त्यांनी भात मागून घेतलाय.