उकळत्या पाण्यातली परीक्षा

ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात रांगेत उभ्या शिक्षिकेला पुढच्या बापलेकीचं बोलणं ऐकून हसू आवरेना.

"बाबा, इंजिनाचं तापमान सांगणारा मीटर हवाय, लग्नाची रोषणाई नव्हे."

"अगं, पण निळा दिवा कसला झकास दिसतोय!"

"आधीचा मीटर इंजिन उकळलं तरी थंडच दाखवत होता. काका, हा निळ्या दिव्याचा आणि तो साधा, दोन्ही मीटर बॅटरीला जोडा आणि सेन्सर तुमच्या चहाच्या शेगडीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवा."

"बुडवले, ताई. साधा अठ्ठ्याण्णव सांगतोय."

"आणि बाबांचा लाडका?"

"बेचाळीस!"

"बाबा, घाला बोट पाण्यात!"

"नको गं बाई! काका, साधाच द्या. आणि तू ही ट्रकची किल्ली घे."

"घाटातही मीच चालवू?"

"चालव. वीस वर्षांत पहिल्यांदाच शेजारी बसून मस्त झोपेन म्हणतो."