एका बटेला दोन वाटा

…तीन रात्री, तुम्हाला सांगते, डोळ्याला डोळा नाही! आणि कशापायी? लेकीला ताप? नाही. नवरा म्वान्झाला जाणाऱ्या बोटीवर कामाला, तो बुडाला? छे, तो तिकडं घोरत असेल. मला जागवलं ते रेषांनी. विजेच्या बलरेषांनी! त्या एकमेकींना छेदत नाहीत म्हणे!

त्याचं असं झालं, आमच्या बुकोबा गावातल्या मुलींच्या शाळेत मी जीवशास्त्राची बाई. बेडूक, पानं, मुळं… सुखात होते हो. तेवढ्यात भौतिकशास्त्राचे सर बदलून गेले आणि हेडबाई म्हणाल्या, "तुम्ही तरुण आहात, घ्या तोही तास." तरुण असणं ही काय पदवी आहे? पण नोकरी कच्ची, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? फळ्यावर एक धन प्रभार काढला, एक ऋण काढला, याच्यातून निघून त्याच्यात शिरणाऱ्या सुंदर कमानदार रेषा काढल्या, आणि कौतुकाच्या आशेनं मागं वळले तर शेवटच्या बाकावरची अ‍ॅडव्हेंटिना उभी. "बाई, या एकमेकींना का छेदत नाहीत?"

का नाहीत? मला काय माहीत! पुस्तकात एवढंच, छेदत नाहीत म्हणे! मी म्हटलं, "उद्या सांगते." तो उद्या काही उजाडेना. वर शुक्रवारी चिठ्ठी आली, सोमवारी तपासणीला मुतालेम्वा साहेब, बसणार नेमके माझ्याच या तासाला, आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं तेही तेच ठरवणार. घ्या!

शनिवारी माझ्या पाच वर्षांच्या कोकुला वेण्या घालायला मा लेओकाडियाच्या ओसरीवर नेलं. आमच्या गल्लीतली निम्मी डोकी तिच्या हातची. शेजारी तळलेल्या टोळांची वाटी, हातात फणी, तोंड अखंड चालू. कपाळाशी एक टिंब धरलं, मागं एक गाठ, आणि टिंबापासून डोक्याला चिकटलेल्या बारीक वेण्या निघाल्या… मधली सरळ, बाजूच्या कानांवरून वळसा घेऊन, सगळ्या जाऊन त्या गाठीत. मी बघतेय… अहो, हा तर माझा फळा!

"आई गं, गाठीपाशी दुखतंय!" कोकु.

"तिथं वेण्या दाट, तिथंच ओढ जास्त. रडू नको, टोळ खा." मा लेओकाडिया.

रेषा दाट तिथं बल जास्त! हे पुस्तकात होतं, पाठ होतं, पण कळलं ते आत्ता! मग मी हळूच म्हटलं, "मा लेओकाडिया, यातल्या दोन जरा एकमेकींवरून न्या ना."

फणी थांबली. "काय गं कोकुच्या आई, झोप झाली नाही वाटतं? अख्खं बुकोबा म्हणेल, लेओकाडियाचे डोळे गेले! आणि जिथं त्या भेटतील तिथली बट मी कुठल्या वेणीत घालू? मी इकडं ओढलं, तू तिकडं ओढलंस, तरी बट जाणार एकीकडंच ना? एका बटेला दोन वाटा असतात का कधी?"

मी किंचाळले. टोळ सांडले. त्या बाईचे पाय धरले मी, खरंच धरले, आणि तिनं फणीनंच माझ्या डोक्यात टपली मारली. कितीही प्रभार ढकलोत नाहीतर ओढोत, एका ठिकाणी सगळ्यांचं मिळून बल एकच, त्याची दिशा एकच, आणि रेषा जाणार त्याच दिशेनं! म्हणून छेदत नाहीत म्हणे!

सोमवारी कोकुलाच टेबलावर बसवलं. तिचं डोकं दाखवत सगळं सांगितलं, मुली माना उंचावून बघतायत, अ‍ॅडव्हेंटिना तर बाकावर चढलेली. मुतालेम्वा साहेबांनी कागदावर ‘कायम करावे’ लिहिलं, सही ठोकली आणि कौतुकानं विचारलं, "बाई, कुठल्या विद्यापीठात शिकलात हो हे?"

देवाशपथ, मा लेओकाडियाचं नाव माझ्या ओठांवर होतं. विद्यापीठाचंही होतं, खोटं कशाला बोलू… कुठलं आधी बाहेर पडलं असतं कोण जाणे, तेवढ्यात टेबलावरून कोकु म्हणाली,

"ओसरीवर! मा लेओकाडिया म्हणाली, आई फार शिकलीय ना, तिला कळायला वेळ लागतो."